अज्ञात, ० ते १००

खाडीपलीकडच्या वाडीत नेट जायचं ते पुनवेला आणि अमावास्येला. तिथीच्या आसपासचे दोन-तीन दिवस, दुपारी बाराच्या सुमाराला आणि पुन्हा मध्यरात्री बाराच्या सुमाराला. एरवी उत्तम चाले. ही वेळेची गंमत आधी कुणी टिपली असेल तर ती तरीवरच्या, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीवरच्या तात्यांनी, आणि उपायही त्यांनीच सांगितला. "खांब उभो केलंस तेवा राखणदाराक नारळ दिलंस काय?"

नव्हता दिला.

पुण्यात बावीस वर्षं नोकरी करून मी देवगड तालुक्यातल्या घरी परत आलो, तो कलमं बघायला. कलमं बघायला माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत, हे कळेपर्यंत शाळेतल्या एका मित्राने मला गच्चीवरच्या खांबाला जुंपलं होतं. त्याचा आधी केबलचा धंदा होता, आता नेटचा आहे. आमचं घर उतारावर, गच्चीवरून खाडी उघडी दिसते. पलीकडच्या वाडीपर्यंत केबल न्यायची तर वळसा फार पडतो. हवेतून अंतर अडीच किलोमीटर. दोन्हीकडे खांब, खांबांवर तबकड्या, मध्ये वाघोटण खाडीचं पाणी. आड झाड नाही, घर नाही. दुर्बीण लावली की पलीकडच्या खांबावर बसलेला कावळा दिसायचा. अशा ठिकाणी सिग्नल जाण्याचं कारणच नव्हतं.

मित्राचं म्हणणं, दुपारी उन्हाने राउटर तापत असणार. मग मध्यरात्री? त्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तरी नारळ देऊन टाक."

नारळ दिला. गाऱ्हाणंही घातलं. आणि दुसरीकडून सिग्नल ऐकायला बसलो.

ऐकायला बसणं म्हणजे काय ते थोडं सांगतो. नेटवरचा मजकूर छोट्या तुकड्यांत जातो, त्यांना पाकिटं म्हणतात. वायफायचं कार्ड एरवी आपल्या नावाची पाकिटं तेवढी घेतं, बाकीची सोडून देतं. त्याला ऐकण्याच्या अवस्थेत टाकलं की हवेतलं सगळं ते टिपतं आणि फाइलमध्ये लिहीत जातं. मी फक्त आमच्याच जोडणीवर कान ठेवला होता, आणि मजकूर कुलूपबंदच असतो. मला हवी होती ती पाकिटाच्या पाठीवरची नोंद, केव्हा आलं, किती जोरात आलं. पलीकडचा राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' असं ओरडतो. त्याला बीकन म्हणतात. दिवसाला असे सुमारे ८ लाख ४४ हजार बीकन होतात. एवढ्या नाडीच्या ठोक्यांवरून रोगी कधी आणि कसा गळतो ते दिसायलाच हवं.

अडचण फाइलची होती.

पाकिटं साठवायची सगळ्यात जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली फाइल म्हणजे पीकॅप. टीसीपीडम्प हा कार्यक्रम १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिला गेला, त्याच्या घरातली ही. सुरुवातीला २४ बाइटांचं मथळ्याचं पान आणि मग प्रत्येक पाकिटाआधी १६ बाइटांची चिठ्ठी: सेकंद, मायक्रोसेकंद, किती बाइट ठेवले, मुळात किती होते. पहिले चार बाइट ओळखीचे: ए१ बी२ सी३ डी४. हेच उलटे, डी४ सी३ बी२ ए१ असे दिसले तर समजायचं की लिहिणाऱ्याच्या यंत्राचं हस्ताक्षर डावखुरं आहे. इतकी साधी, उघडी फाइल. तरी तिच्याही मथळ्यात दोन रकाने असे आहेत की ज्यांत काही भरलं जात नाही. एक टाइमझोनचा, एक वेळेच्या अचूकतेचा. दोन्हींत शून्य. अलीकडच्या मसुद्यात तर त्यांची नावंही काढून नुसतं 'राखीव' लिहून टाकलंय. आमच्या जुन्या घराला गाडीसाठी ठेवलेली मोकळी जागा आहे. गाडी कधी आली नाही, आता तिथे लाकडं रचतात. तसंच.

बिनतारी पाकिटांना मात्र या चिठ्ठीवर भागत नाही. जोर किती, चॅनेल कोणतं, वेग काय, हे कुठे लिहायचं? त्यासाठी रेडिओटॅप नावाची जोडचिठ्ठी आली, ती मूळ नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीवाल्यांकडची. तिच्यात सुरुवातीला ३२ बिटांची एक पट्टी असते. जो बिट १, तो रकाना पुढे भरलेला आहे. जो शून्य, तो नाही. झकास कल्पना. पण ह्या उघड्या, सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढलेल्या चिठ्ठीतही १४ क्रमांकाच्या बिटावरून भाऊबंदकी झाली. तिच्याच भावकीतल्या ओपनबीएसडीने तिथे पाकिटाची तपासणी-बेरीज ठेवली, इतरांनी त्याच जागी पाकीट घेतानाच्या खुणा. एकच जागा, दोन वहिवाटी. पाकिटं उघडून वाचायच्या वायरशार्क या कार्यक्रमात आजही एक सेटिंग आहे, हा चौदावा बिट कोणत्या अर्थाने वाचायचा ते तुम्हीच सांगा म्हणून. कोकणात जमिनीची कागदपत्रं बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

माझ्याकडच्या फाइली या दोन्ही जातींच्या नव्हत्या. मित्राकडे एका जुन्या लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं महागडं ऐकणारं सॉफ्टवेअर होतं, कुणा इंजिनिअरने जाताना ठेवून दिलेलं. टिपायचं काम ते फार छान करी. एका वेळी एक पाकीट उघडून दाखवी. पण आठ लाख पाकिटांचे आकडे एकदम बाहेर काढून द्या म्हटलं की याहून महाग परवाना मागे. फाइलच्या आतली रचना विचारायला कंपनीला पत्र लिहिलं. नम्र उत्तर आलं की ही माहिती अंतर्गत आहे. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, दोन कार्यक्रमांचं एकमेकांशी जुळावं म्हणून लागणारी आणि दुसरीकडे सहज न मिळणारी माहिती हक्काच्या प्रतीतून काढून घ्यायला मुभा आहे. ते वाचून घेतलं आणि वही उघडली.

वहीच. दोनशे पानी, आडव्या रेघांची. संगणकावर टिपणं करणारे लोक मला आवडतात, पण खोडलेलं दिसायला हवं असेल तर कागदच बरा.

फाइल सोळाच्या पायाच्या आकड्यांत उघडली की समोर येतो तो नुसता मुंग्यांचा वारूळ-बाजार. पण थोडा वेळ नजर स्थिर ठेवली की रांगा दिसायला लागतात. प्रत्येक पाकिटाआधी तेच तेच ठसे: दोन बाइटांची खूण, मग चार बाइटांची किंमत, पुन्हा खूण, पुन्हा किंमत. ० पासून १४ पर्यंत पंधरा खुणा, म्हणजे टॅग. काहींचे अर्थ सॉफ्टवेअरच्या खिडकीत दिसणाऱ्या आकड्यांशी ताडून लगेच लागले. उरलेल्यांसाठी रीत एकच, आमटीत काय कमी आहे ते शोधायची: एका वेळी एकच जिन्नस बदलायचा आणि चव घ्यायची. चॅनेल बदला, बाकी काही हलवू नका, नवी फाइल घ्या, दोन्ही शेजारी ठेवून कुठला बाइट हलला ते बघा. १४९ चॅनेलवर एका जागी ७१ १६ असं दिसत होतं. १५३ वर गेलो तिथे ८५ १६ झालं. धाकटा बाइट आधी आणि थोरला मागाहून असं वाचलं की पहिला आकडा ५७४५ आणि दुसरा ५७६५. मेगाहर्ट्झमधली वारंवारता. झालं, टॅग १३ सुटला.

धाकटा आधी, थोरला मागाहून, हे नव्या मुलांना विचित्र वाटतं. मराठी माणसाला वाटू नये. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी येतो आणि वीस मागाहून. आणि एकशे पंचवीस म्हणताना शंभर पुढे, मग पाच, मग वीस; म्हणजे एकाच आकड्यात दोन्ही रीती. असल्या भाषेत पाढे पाठ केलेल्या माणसाला बाइटांची उलटापालट काय घाबरवणार? उणे आकड्यांचंही तसंच. सिग्नलच्या जोराच्या जागी १९४ दिसला तेव्हा मी पंधरा मिनिटं डोकं खाजवलं. मग एकोणसाठ आठवला. साठाला एक ऊन, म्हणून एकोणसाठ. २५६ ला बासष्ट ऊन, म्हणून १९४. म्हणजे उणे ६२ डीबीएम. खिडकीतही तोच आकडा होता.

वेळेने मात्र छळलं. आकडा अवाढव्य, नॅनोसेकंदांत असणार हे कळत होतं. १९७० पासून मोजला तर २०२४ साली टिपलेली माझी पाकिटं सन २३९३ मध्ये पोचत होती. तीनशे एकोणसत्तर वर्षं जास्त. हा फरक ज्याने एकदा खाल्लाय तो विसरत नाही: विंडोज आपला काळ १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, युनिक्स १ जानेवारी १९७० पासून, आणि मध्ये ११,६४४,४७३,६०० सेकंद आहेत. शिवाजीमहाराजांच्या जन्माआधी एकोणतीस वर्षं घड्याळ सुरू करून आमच्या खाडीवरचा बीकन मोजायचा! पण निदान कळलं.

राहिले टॅग १०, ११ आणि १४.

चौदावा कायम ७. काहीही करा, ७. अकरावा कधी ०, कधी १, त्यात मला सूत सापडेना. दहावा मात्र जिवंत होता. ० ते १०० च्या मध्ये हलायचा. मी टॅग ६, म्हणजे सिग्नलचा टक्का, आणि हा दहावा, असे दोन्ही एका दिवसाच्या आठ लाख पाकिटांमधून काढून आलेख छापला, आणि तो कागद हातात धरून आईला दाखवायला स्वयंपाकघरात धावलो. ती आमसुलं वाळत घालायच्या गडबडीत होती. तिने लांबूनच "बरा आसा" म्हटलं. दोन रेघा होत्या. एक उतरली की दुसरी चढायची. एक चढली की दुसरी उतरायची. दुपारी बाराच्या आसपास सिग्नल तळाला आणि दहावा माथ्यावर, मध्यरात्रीही तेच.

सिग्नल कमी तेव्हा जे जास्त, ते काय? गोंगाट. हवेतला इतरांचा कालवा. आणि टक्क्यांत सिग्नल देणारी फाइल गोंगाटही टक्क्यांत देणारच. मी वहीत लिहिलं, 'टॅग १०: गोंगाट, टक्के', खाली दोन रेघा मारल्या. मग सगळी माहिती नीट मांडून एक पान केलं आणि ज्याला हवं त्याला घेता यावं असं मोकळं ठेवलं. ती दोन रेघांची ऐट त्या पानावर दिसत नव्हती, पण लिहिण्याच्या सुरात होती. 'असावा' नाही, 'आहे'.

त्यानंतरचा महिना मी कसा घालवला ते सांगायला लाज वाटते. गोंगाट आहे म्हटल्यावर गोंगाट करणारा हवा. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या मोटरीवर माझा पहिला संशय. दोन दिवस मी तिथे हातात अँटेना घेऊन, मासळीच्या पाट्यांमधून, जत्रेत हरवलेल्यासारखा फिरलो. मग एका ट्रॉलरच्या रडारवर. मग डोंगरावरच्या मोबाइल टॉवरवर, ज्याचा आमच्या वारंवारतेशी काडीचा संबंध नव्हता. पानावर मीच लिहून ठेवलेल्या एका शब्दाने मला उन्हात पळवलं. तो शब्द नसता तर मी आलेखाकडे नुसता आलेख म्हणून पाहिलं असतं.

मे महिन्याच्या शेवटी एका अनोळखी गृहस्थाचं पत्र आलं. ते पान वापरत होते. त्यांच्या फाइलींत टॅग १० कायम शून्य, एकदाही हललेला नाही; असं कसं? मी काय उत्तर दिलं असेल? लिहिलं, तुमच्याकडे गोंगाट नसेल. एखाद्या शहराच्या मध्यवस्तीत बसलेल्या माणसाला मी हे लिहिलं. आजही ते पत्र उघडायचं धाडस होत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. १ जूनपासून मासेमारी बंद, तरही बंद, आणि तात्या दुपारचे आमच्या ओटीवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीने रोजच्या नेट जाण्याच्या, किंवा जायच्या बेतात येण्याच्या वेळा लिहीत होतो. कारण खड्डा रोज पडायचाच; पुनव-अमावास्येला खोल, मग दिवसागणिक उथळ होत होत अष्टमीला जवळजवळ बुजलेला. तात्यांना वाचायला चष्मा लागतो, तो त्यांनी लावला, पान वर केलं, खाली केलं.

"ह्यो भरतीचो येळ कित्याक लिवन ठेवलंस?"

"भरतीची नाही तात्या, नेट जाण्याची वेळ आहे."

"मगे दोन्ही एकच ती. बघ. दुजेक दीड. तिजेक सव्वादोन. चवथीक तीन. तिथीची पाऊणपट केलीस काय भरतीचो येळ गावता. शाळेत शिकवूक नाय तुका?"

शिकवलं नव्हतं. किनाऱ्यावर जन्मलेल्या मला तोंडी हिशोबातली ही सगळ्यात साधी गोष्ट कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा मी पुण्याच्या एस्टीत बसलो होतो. तिथीला पाऊणाने गुणायचं. अष्टमीला सहा, म्हणून बारा वाजता पूर्ण ओहोटी. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, त्यांत मिनिटांपर्यंत वेळा असतात, आणि किनाऱ्यावर जागा बदलली की थोडा फरकही पडतो. पण होडी लोटायला पाऊणपट पुरते. ना ती मी कुठे छापलेली पाहिली, ना तिला कुणी मथळा दिलेला, आणि तात्यांनी ती चष्मा लावून माझ्या अक्षरात वाचून दाखवली.

"पाणी चढला काय तुझा नेट उतरता," असं म्हणून ते चहाला बसले.

तिथेच माझं 'गोंगाट' डळमळलं. भरतीने सिग्नल बिघडू शकतो, हे एक वेळ समजेल. पण भरतीने गोंगाट कसा वाढेल? पाणी काय प्रक्षेपण करतं? दोन-चार रात्री मी नाना तर्क लढवले. दूरच्या जहाजांचे सिग्नल पाण्यावरून घसरत येत असतील, वगैरे. स्वतःच्या शब्दाला वाचवायला माणूस किती कल्पक होतो!

उत्तर आलं ते कळंकातून. जुलैत दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून खांबावर चढलो. ऐकणाऱ्या कार्डाला दोन खोबण्या होत्या, आणि मित्राकडे दोन जुन्या चपट्या अँटेना पडून होत्या. खोबण रिकामी का ठेवा, म्हणून त्याने एक वर तबकडीच्या बरोबरीने लावली होती आणि दुसरी जिथे पट्टा बसला तिथे, दोन मीटर खाली. खालच्या अँटेनाची पितळी जोडणी खाऱ्या वाऱ्याने हिरवीगार कळकली होती. ती सोडवली, चिंच लावून घासली, पुसली, पाच-सहा मिनिटांनी परत आवळली. संध्याकाळी फाइल बघतो तर मधली पाच-सहा मिनिटं टॅग ६ जसाच्या तसा, आणि टॅग १० सपाट शून्य.

तो गोंगाट नव्हताच. दुसऱ्या अँटेनाचा सिग्नल होता. इतका साधा. त्या पत्रवाल्या गृहस्थाच्या कार्डाला एकच अँटेना असणार, म्हणून शून्य.

मग कागदावर हिशोब मांडला आणि सगळं धडाधड जागेवर पडलं. पलीकडून येणारी लहर दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक खाडीच्या पाण्यावर आपटून. पाण्यावर आपटताना ती उलटी होते. दोन वाटांच्या लांबीतला फरक काढायचं सूत्र सोपं आहे: दोन्ही उंच्यांचा गुणाकार, दुप्पट करून अंतराने भागायचा. ओहोटीच्या पाण्यापासून आमची वरची अँटेना १८ मीटरवर, पलीकडची १४ वर, अंतर २,५०० मीटर. फरक आला २० सेंटीमीटर. उधाणाला पाणी दोन मीटर चढलं की उंच्या १६ आणि १२ होतात, फरक येतो १५ सेंटीमीटर आणि थोडा वर. आमच्या लहरीची लांबी ५.२ सेंटीमीटर. म्हणजे भरती पुरी होता होता फरक नेमका तीन लांब्यांवर येतो, आणि उलटी झालेली लहर सरळ लहरीला खाऊन टाकते. दोन मीटर खालच्या अँटेनाला त्याच वेळी अडीच लांब्यांच्या आसपास फरक मिळतो. तिथे त्याच दोन लहरी एकमेकींना हात देतात. वरची बुडते तेव्हा खालची तरते. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत पाणी तेवढं चढतच नाही, म्हणून अष्टमीला खड्डा बुजलेला.

मित्राला हे समजावलं तर तो म्हणाला, एवढंच ना, तबकडी दोन मीटर खाली घेऊ. घेतली. मी सांगत होतो की घेऊ नको. खालच्या उंचीवर खड्डा भरतीच्या माथ्यावरून सरकून अर्ध्या पाण्यावर आला, आणि पाणी अर्धं तर चढताना एकदा आणि उतरताना एकदा होतंच. दिवसातून दोनदा जाणारं नेट चारदा जायला लागलं. राखणदारापर्यंत प्रकरण पुन्हा जाण्याआधी त्याने दोन अँटेना घेणारा रेडिओ आणला, एक वर, एक खाली. जी चांगली ऐकेल तिचं घ्यायचं. पाण्यावरून जाणाऱ्या जोडण्यांत ही जुनीच रीत आहे. आम्ही ती रद्दीतल्या अँटेना आणि रिकाम्या खोबणीच्या कृपेने गाठली. गणपतीला चाकरमानी यायच्या आत काम झालं, नाहीतर नेमकी आदली अमावास्या आणि घरोघरी मुंबईची माणसं, मित्राला गाव सोडावं लागलं असतं.

राहिलं पानावरचं. 'गोंगाट, टक्के' खोडून 'दुसऱ्या अँटेनाचा सिग्नल, टक्के' लिहायला अर्धं मिनिट लागलं. पण तोवर ते दोघातिघांनी उचललं होतं. एकाच्या कार्यक्रमात तो रकाना आजही गोंगाट याच नावाने छापला जातो; त्याला कळवलं, तर म्हणाला, आता नाव बदललं तर जुने अहवाल जुळायचे नाहीत. त्याचंही खोटं नाही. चौदाव्या बिटाच्या भाऊबंदकीला मी हसलो होतो ते आठवलं. त्या पत्रवाल्या गृहस्थाला मात्र सविस्तर लिहिलं, आणि चुकीचं वाक्य पुसून न टाकता त्यावर रेघ मारून ठेवलं, खाली तारीख.

विजयदुर्ग इथून जवळ. किल्ल्यात साहेबाचे ओटे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी त्यांचं नातं सांगतात, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी हेलियमचा दिनही साजरा होतो. गावात कुणालाही विचारा, हेलियम शोधणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरसाहेब त्या ओट्यावर दुर्बीण लावून उभा होता म्हणतील. लॉकयर त्या ग्रहणाला भारतात नव्हता. त्याने हेलियमची ती पिवळी रेघ सूर्याच्या प्रकाशात ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून पाहिली. पण मला त्याचं वेगळंच कौतुक वाटतं. सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ठाऊक होत्या, डी-१ आणि डी-२. ही त्यांच्या शेजारची, पण त्यांच्या जागेवर न बसणारी. हिलाही सोडियम म्हणून मोकळं होणं सोपं होतं, झालेही काही जण. त्याने जागा नीट मोजली आणि तिला क्रमांक दिला, डी-३. पृथ्वीवर तो वायू रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या हाती लागायला १८९५ साल उजाडलं. सत्तावीस वर्षं! तोवर तो क्रमांक मोजलेल्या जागेवर तसाच उभा.

माझ्या पानावर आता टॅग ११ पुढे असं लिहिलंय: 'अज्ञात. ० किंवा १. पावसात १ जास्त वेळा. दोन महिन्यांची नोंद, दोन अँटेना.' पूर्वी मी 'अज्ञात' लिहायला लाजायचो, आणि लिहिलंच तर तेवढंच लिहून पुढे जायचो. आता कुठल्या कार्डावर, कुठल्या महिन्यात, कितीदा पाहिलं ते सगळं लिहितो. जागा जास्त लागते. टॅग १० च्या पुढेही मी पहिल्या दिवशी 'अज्ञात, ० ते १००, टॅग ६ च्या उलट हलतो, अँटेना दोन' एवढं लिहिलं असतं, तर त्या एक अँटेनावाल्या गृहस्थाने पहिल्याच पत्रात मला उत्तर सांगितलं असतं.

टॅग १४ अजून कायम ७. चॅनेल बदललं, कार्ड बदललं, घड्याळ मागे नेलं, लॅपटॉप उलटा ठेवून पाहिला. ७.

ऋषिपंचमीला वाडीतल्या दीड दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. पंचमीची पाऊणपट, पावणेचार. तीन वाजल्यापासून धक्क्यावर ढोल सुरू होते, खालून तात्या हाका मारत होते, पाणी पुरतं चढल्याशिवाय मूर्ती सोडायची नाही म्हणून सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मी गच्चीवर होतो. पलीकडच्या वाडीतून कुणीतरी मुंबईला फोनवर विसर्जन दाखवत होतं, ते आमच्याच खांबावरून जात होतं. वही उघडून लिहिलं: 'ऋषिपंचमी, ३.४०. टॅग ६: ४१. टॅग १०: ७८. टॅग ११: ०. टॅग १४: ७.' आणि खाली उतरलो.